सोनेरी झुंबरामागचा फ्रीज: उणे २७० च्या खाली थंडी कशी टिकवतात

क्वांटम कॉम्प्युटरची बातमी आली की सोबत फोटो ठरलेला असतो. वरून खाली लटकणारं सोनेरी झुंबर, एकाखाली एक गोल थाळ्या, मधून वळणदार नळ्या आणि तारांचे झुबके. बघणाऱ्याला वाटतं हाच तो कॉम्प्युटर. पण त्या फोटोत दिसतंय त्यातलं जवळजवळ सगळं फ्रीज आहे. चिप सगळ्यात खालच्या थाळीला कुठेतरी अडकवलेली असते, तळहातावर मावेल एवढी, आणि वरचा सगळा डोलारा फक्त तिला गार ठेवायला उभा केलेला असतो. हाच प्रकार एमआरआयच्या गोल बोगद्याच्या आत असतो, अवकाशातल्या दुर्बिणीत असतो, कणांची टक्कर घडवणाऱ्या मोठ्या यंत्रात असतो, फक्त तिथे तो दिसत नाही म्हणून कोणी त्याबद्दल विचारत नाही.

मी काही वर्षं अशा यंत्रांच्या आसपास काढली आहेत आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: घरचा फ्रीज उणे १८ पर्यंत जातो, मग मोठा कंप्रेसर लावला, थोडा जास्त वेळ चालवला की उणे २६९ का होऊ नये? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं की अख्खं डिझाइन समजतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

## आधी मोजपट्टी बदलू

सेल्सिअस इथे फसवतं. त्याचा शून्य पाण्याच्या बर्फावर ठरवलेला, आणि निसर्गाला पाण्याचं काही पडलेलं नाही. म्हणून शास्त्रज्ञ केल्विन वापरतात, त्याचा शून्य म्हणजे खरा शून्य, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, त्याच्या खाली काही नाहीच. या मोजपट्टीवर आपली खोली ३०० केल्विन, घरचा फ्रीजर २५५. ऑक्सिजनचं पाणी, म्हणजे द्रव, ९० वर होतं, नायट्रोजनचं ७७ वर, हायड्रोजनचं २० वर आणि हीलियमचं ४.२ वर. साधारण १२० केल्विनच्या खालच्या जगाला क्रायोजेनिक म्हणतात. आता बघा, घरचा फ्रीजर ३०० वरून २५५ वर आलाय, म्हणजे अजून फार लांब गेलेलाच नाहीये.

दुसरी गोष्ट, इथे फरक मोजायचा नसतो, पट मोजायची असते. ३०० वरून १५० वर येणं आणि ४ वरून २ वर येणं हे कष्टाच्या हिशोबात सारखंच आहे, दोन्हीकडे निम्मं केलंय. म्हणून शून्य कधीच गाठता येत नाही, दर वेळी निम्मं करत राहायचं आणि निम्म्याचं निम्मं उरतंच.

आणि हे कष्ट किती त्याचा हिशोब १८२४ मध्येच सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरच्या कामातून निघाला. तो वाफेच्या इंजिनाबद्दल लिहीत होता, पण तोच नियम उलटा लावला की फ्रीजचा नियम मिळतो. अगदी आदर्श, कुठेही घर्षण नसलेलं यंत्र धरलं तरी १ वॅट उष्णता आतून काढून खोलीत टाकायला घरच्या फ्रीजरमध्ये जेमतेम ०.२ वॅट लागतात, ७७ केल्विनवर सुमारे ३ वॅट, २० केल्विनवर १४, ४.२ केल्विनवर ७०, आणि १ केल्विनवर जवळजवळ ३००. हे आदर्श यंत्राचे आकडे आहेत. एमआरआयमधलं खरंखुरं छोटं कूलर ४.२ केल्विनवरून १ ते दीड वॅट उष्णता काढतं आणि त्याचा कंप्रेसर सात-आठ किलोवॅट वीज खातो. दीड वॅट म्हणजे एखादा मिणमिणता दिवा. तेवढ्यासाठी सात हजार वॅट.

त्यामुळे आत शिरणारी उष्णता प्रत्येक मिलिवॅटने मोजावी लागते. मला विचाराल तर या यंत्रांचं डिझाइन म्हणजे थंडी निर्माण करणं कमी आणि झालेली थंडी हातची न जाऊ देणं जास्त. पुढे जे काही सांगतोय ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

## घरच्या फ्रीजचं तंत्र तिथे का चालत नाही

घरच्या फ्रीजमध्ये एक द्रव असतो, तो आत वाफ होताना उष्णता ओढून घेतो, घाम वाळताना अंग गार पडतं तसंच, मग कंप्रेसर ती वाफ दाबतो, मागच्या जाळीत तिची उष्णता खोलीत जाते आणि ती परत द्रव होते. छान तंत्र आहे. पण उणे शंभर-दीडशेच्या आसपास तो द्रवच गोठतो, आणि त्याच्या बरेच आधी कंप्रेसरमधलं तेल गोठतं. पाइपमधून दगड फिरवता येत नाही. जसजसं खाली जावं तसतसा एकेक पदार्थ शर्यतीतून बाद होतो, आणि शेवटी ४ केल्विनपाशी एकच गडी उरतो, हीलियम. साध्या दाबाखाली तो कितीही गार केला तरी गोठत नाही.

मग हीलियम घ्या आणि दाबा-सोडा, एवढंच ना? सायकलचा पंप मारताना नळी गरम होते आणि स्प्रेच्या डब्यातून वायू सोडला की डबा गार पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. वायू दाबायचा, तो तापला की ती उष्णता बाहेर टाकायची, मग त्याला पसरू द्यायचं, तो गार होतो. पण यात दोन अडचणी.

पहिली म्हणजे एका फेरीत फार थोडं गार होतं. दुसरी जास्त खट्याळ आहे. वायूला नुसत्या बारीक भोकातून जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सोडलं की तो गार होतो हे जूल आणि थॉमसन यांनी १८५० च्या दशकात दाखवलं, पण हे प्रत्येक वायूच्या बाबतीत ठराविक तापमानाच्या खालीच खरं आहे. नायट्रोजन खोलीच्या तापमानाला गार होतो, हायड्रोजन साधारण २०० केल्विनच्या खाली आणल्यावरच, आणि हीलियम तर ४०-५० केल्विनच्या खाली. त्याच्या वर हीलियम बारीक भोकातून सोडला की चक्क गरम होतो! म्हणजे गार करायला आधी गार असावं लागतं.

पहिल्या अडचणीवर कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवेवर जो तोडगा काढला तो मला आजही अख्ख्या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. भोकातून बाहेर पडलेला, थोडासा गार झालेला वायू वाया घालवायचा नाही, तो आत येणाऱ्या गरम वायूच्या नळीला घासत परत पाठवायचा. त्यामुळे पुढचा वायू भोकापाशी आधीच थोडा गार होऊन पोचतो, मग तो आणखी गार होतो, तो परत जाताना त्याच्या पुढच्याला आणखी गार करतो. असं करत करत शेवटी नळीच्या टोकाला द्रव हवा टपकायला लागते. एका फेरीची थोडीशी थंडी साठवत साठवत खाली उतरायचं.

दुसऱ्या अडचणीला उत्तर जिन्याचं. नेदरलँड्समधल्या लायडेन इथे हायके कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ ला पहिल्यांदा हीलियमचं पाणी केलं, तेव्हा आधी द्रव हवा, तिच्या मदतीने द्रव हायड्रोजन, आणि त्या गारव्यात हीलियम, अशा पायऱ्या होत्या. तीन वर्षांनी त्याच थंडीत पारा तपासताना त्यांना दिसलं की पाऱ्याचा विजेला होणारा विरोध अचानक नाहीसाच होतो. सुपरकंडक्टर सापडला तो असा. थंडीचं यंत्र आधी आलं, शोध त्याच्या मागून आला.

## रुमालातून श्वास

आजची बरीचशी छोटी कूलर वेगळ्या युक्तीवर चालतात. कडाक्याच्या थंडीत नाकातोंडावर लोकरी रुमाल बांधून चालून बघा. श्वास बाहेर सोडताना रुमाल गरम होतो, आत घेताना तीच ऊब हवेला परत मिळते, त्यामुळे छातीत गार हवा जात नाही. रुमालाने स्वतः काही उष्णता तयार केली नाही, फक्त एका फेरीत ठेवून घेतली आणि दुसऱ्या फेरीत परत दिली. कूलरमध्ये असाच एक रुमाल असतो, त्याला रिजनरेटर म्हणतात. एका नळीत बारीक जाळ्यांच्या शेकडो चकत्या किंवा बारीक गोळ्या ठासून भरलेल्या असतात आणि वायू त्यातून ये-जा करतो. ही कल्पना रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याने १८१६ मध्ये इंजिनासाठी मांडली होती, कार्नोच्याही आधी.

एमआरआयमध्ये सहसा जे कूलर असतं त्याचं नाव गिफर्ड-मॅकमहॉन, १९६० च्या आसपासचं. त्यात पातळ स्टीलच्या नळीत एक दट्ट्यासारखा तुकडा वरखाली सरकतो आणि त्याच्या पोटातच रिजनरेटर भरलेला असतो. वरून सुमारे २० बार दाबाचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण वीसपट, हीलियम आत येतो, दट्ट्या वर सरकतो तसा वायू रिजनरेटरमधून गार होत खालच्या टोकाला पोचतो, मग व्हॉल्व बदलतो आणि दाब एकदम सुटतो, वायू पसरतो, आणखी गार होतो, तिथल्या धातूची उष्णता घेतो, आणि दट्ट्या खाली येताना परत रिजनरेटरमधून जात त्याला गार करून वर निघून जातो. सेकंदाला साधारण एक-दोनदा. एमआरआयच्या खोलीत स्कॅन सुरू नसतानाही लयीत चक-चक असा आवाज येत राहतो ना, तो हाच. बरेच लोक त्याने घाबरतात, पण तो बंद पडला तर काळजी करायची, चालू आहे तोवर सगळं ठीक आहे.

आता यात खरी मेख कुठे आहे ती बघा. रिजनरेटरमधून दर फेरीला जी उष्णता आत-बाहेर होते ती शेवटी हाती लागणाऱ्या थंडाव्याच्या कित्येक पट असते. म्हणजे रिजनरेटर ९९ टक्के चोख काम करतो म्हटलं तरी खूश व्हायचं कारण नाही, राहिलेला एक टक्का थंडाव्याचा मोठा घास घेऊन जातो. म्हणून डिझायनरची ओढाताण चालू असते. जाळी बारीक केली की उष्णतेची देवाणघेवाण चांगली होते पण वायूला वाट अवघड होते आणि दाब वाया जातो. नळी लांब केली की गरम टोकाकडून गार टोकाकडे धातूतून उष्णता कमी झिरपते पण आत रिकामी जागा वाढते आणि त्या जागेतला वायू नुसता दाबला-सोडला जातो, काम काहीच करत नाही. एक दोरी ओढली की दुसरी सैल पडते.

आणि १५ केल्विनच्या खाली तर रुमालच काम करेनासा होतो. धातूची उष्णता धरून ठेवायची ताकद तापमानाबरोबर कोसळते, तांब्याची ताकद खोलीपासून ४ केल्विनपर्यंत येताना हजारो पटीने घटते. उलट दाबलेला हीलियम त्या तापमानाला दाट होत जातो आणि त्याची ताकद वाढते. म्हणजे रुमाल कागदासारखा पातळ झालाय आणि श्वास मात्र जड. शिश्याच्या गोळ्यांनी थोडं निभावलं, ती त्यातल्या त्यात बरी, पण बरीच वर्षं ही कूलर १० केल्विनच्या आसपास येऊन अडकलेली होती. सुटका झाली ती एर्बियम, होल्मियम अशा दुर्मिळ मूलद्रव्यांमुळे. एर्बियम-निकेल किंवा होल्मियम-तांबं अशा मिश्रधातूंमध्ये १० केल्विनच्या आसपास आणि खाली अणूंची छोटी चुंबकं रांगेत लागायला लागतात, आणि ती विस्कटायला किंवा परत लावायला उष्णता द्यावी-घ्यावी लागते, त्यामुळे नेमकं पाहिजे त्या तापमानाला या धातूंची उष्णता धरायची ताकद अचानक वर येते. १९९० च्या आसपास या गोळ्या भरल्या आणि तोच दट्ट्या ४ केल्विनच्या खाली गेला. कंप्रेसर मोठा केला नव्हता, रुमालाचं कापड बदललं होतं.

पल्स ट्यूब नावाचा चुलतभाऊ आणखी पुढे जातो. त्यात गार भागात हलणारा तुकडाच नाही, रिकाम्या नळीतला वायूचा स्तंभच दट्ट्याचं काम करतो. १९६० च्या दशकात गिफर्ड आणि लाँग्सवर्थ यांनी पहिला केला तेव्हा तो फारसा गार होत नव्हता. १९८४ मध्ये मिकुलिन यांच्या गटाने नळीच्या गरम टोकाला एक बारीक भोक आणि त्यामागे रिकामी टाकी जोडली आणि खेळ बदलला. झोक्याला धक्का द्यायची वेळ चुकली तर जोर लावूनही झोका जागचा हलत नाही, तसंच इथे वायूचा दाब आणि वायूची हालचाल यांची वेळ जुळावी लागते, ते भोक आणि टाकी ही वेळ जुळवतात. फोटोतल्या झुंबराच्या वरच्या दोन थाळ्या आज बहुतेक वेळा पल्स ट्यूबच गार करते, कारण हलणारा तुकडा नाही म्हणजे थरथर कमी, झीज कमी.

## होडीला भोकं किती

इतका वेळ पंपाबद्दल बोललो, आता होडीबद्दल. पाणी आत शिरणाऱ्या होडीत मोठा पंप लावता येतो किंवा भोकं बुजवता येतात, आणि पंप जेव्हा दीड वॅटचा असतो तेव्हा भोकं बुजवण्याशिवाय पर्यायच नसतो.

उष्णता तीन वाटांनी येते. हवेतून येऊ नये म्हणून भोवती व्हॅक्यूम करतात, ही जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये केलेल्या दुहेरी भिंतीच्या बाटलीचीच कल्पना, आज आपण ज्याला थर्मास म्हणतो. मजा म्हणजे थंडी सुरू झाली की उरलीसुरली हवा गार भिंतीवर गोठून बसते आणि व्हॅक्यूम आपोआप आणखी चांगला होतो.

दुसरी वाट प्रकाशाची. खोलीच्या तापमानाची काळी भिंत चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी फेकत असते. ४६० वॅट, आणि आपला पंप दीड वॅटचा! इथे एक नियम मदतीला येतो, ही उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणून मध्ये ७७ केल्विनची एक भिंत उभी केली की ती जेमतेम २ वॅट फेकते, आणि ४५ केल्विनची असेल तर पाव वॅटही नाही. म्हणून प्रत्येक क्रायोजेनिक यंत्रात डब्यात डबा असतो, बाहेरचा खोलीच्या तापमानाचा, मधला ४०-५० केल्विनचा, आतला ४ चा, आणि मधला डबा कूलरची पहिली पायरी सांभाळते, तिच्याकडे ४०-५० वॅटची ताकद असते. वरून चकचकीत अॅल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकच्या तीस-चाळीस पापुद्र्यांचं पांघरूण. पापुद्रे सैल पाहिजेत, घट्ट गुंडाळले की एकमेकांना टेकतात आणि सगळा फायदा गेला. एकदा आमच्याकडे यंत्र काही केल्या ६ केल्विनच्या खाली उतरत नव्हतं, कंप्रेसर तपासला, वायू बदलला, आठवडे गेले, आणि शेवटी सापडलं काय तर पांघरुणाची एक कड वाकून आतल्या डब्याला टेकत होती. दोन बोटांएवढी कड.

तिसरी वाट म्हणजे घन वस्तूंची, आणि ही सगळ्यात चिवट कारण आतला डबा हवेत तरंगू शकत नाही, त्याला कशाने तरी धरावं लागतं. त्यासाठी फायबरग्लासच्या नळ्या, पातळ स्टील, केव्हलारचे दोरे वापरतात, लांब आणि बारीक, आणि प्रत्येक आधार मधल्या डब्याशी जोडतात म्हणजे बरीच उष्णता तिथेच अडते. तारा तर आणखी छळतात, कारण जो धातू वीज चांगली वाहतो तोच उष्णताही चांगली वाहतो. तांब्याची जाड तार लावली की उष्णता आत, बारीक लावली की तारच तापते. क्वांटम चिपकडे शेकडो तारा जातात, आणि फोटोत त्या प्रत्येक थाळीपाशी वळसे घेऊन घट्ट पकडलेल्या दिसतात ते शोभेसाठी नाही, प्रत्येक मजल्यावर तार आपली उष्णता उतरवून खाली जाते. सोन्याचा मुलामाही त्यासाठीच, खालचं तांबं काळवंडलं तर दोन पृष्ठभागांच्या मध्ये उष्णता अडते, सोनं काळवंडत नाही.

## धातू आकसतात, रबर काच होतं

खोलीपासून ४ केल्विनपर्यंत येताना मीटरभर स्टील सुमारे ३ मिलिमीटरने आखडतं, अॅल्युमिनियम ४ ने, टेफ्लॉन तर २० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड खोलीत घट्ट असतो आणि आत सैल होतो किंवा फाटतो. रबरी वायसर काचेसारखा कडक होतो, म्हणून गार भागात इंडियमची मऊ तार दाबून सील करतात. साधं लोखंडी पोलाद ठिसूळ होतं, म्हणून स्टेनलेस. हीलियममध्ये जरा जरी हवा किंवा पाण्याचा अंश राहिला तर तो बारीक भोकात गोठून बसतो आणि चालू यंत्र बंद पडतं. तेलाचंही तसंच, म्हणून कंप्रेसरच्या पुढे गाळण्या असतात आणि त्या ठराविक हजार तासांनी बदलाव्याच लागतात.

## ४ केल्विनच्या खाली काय

क्वांटम चिप ०.०१ ते ०.०२ केल्विनवर ठेवतात. अख्ख्या विश्वात पसरलेल्या जुन्या प्रकाशाचं तापमान २.७ केल्विन आहे, म्हणजे ही थाळी रिकाम्या अवकाशापेक्षाही १३५ ते २७० पट गार. तिथे दाबा-सोडा चालत नाही. वापरतात हीलियमचे दोन भाऊ, नेहमीचा हीलियम-४ आणि दुर्मिळ, हलका हीलियम-३. दोघांचं मिश्रण ०.८७ केल्विनच्या खाली नेलं की तेल-पाण्यासारखं वेगळं होतं, वर जवळजवळ शुद्ध हीलियम-३, खाली हीलियम-४. पण खालच्या थरात साधारण साडेसहा टक्के हीलियम-३ विरघळून राहतोच, अगदी शून्याजवळसुद्धा, आणि अख्खं तंत्र या साडेसहा टक्क्यांवर उभं आहे. खालच्या थरातून हीलियम-३ पंपाने काढत राहिलं की वरचा हीलियम-३ खाली उतरत राहतो, आणि हे उतरणं वाफ होण्यासारखंच असतं, उतरताना उष्णता ओढून घेतो. हाइन्झ लंडन यांनी १९५१ मध्ये ही कल्पना सुचवली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर लायडेनलाच पहिलं यंत्र चाललं. याला डायल्यूशन फ्रीज म्हणतात.

०.०२ केल्विनवर याची ताकद मायक्रोवॅटमध्ये मोजतात, दहा-वीस, जरा जास्त. एखाद्या थाळीची थरथरसुद्धा तेवढी उष्णता करू शकते. आणि इथे एक नवीनच भानगड होते, द्रव आणि धातू एकमेकांना चिकटून असले तरी उष्णता एकातून दुसऱ्यात जायला नकार देते. उपाय एकच, संपर्काचा पृष्ठभाग प्रचंड वाढवायचा, म्हणून चांदीची अतिबारीक भुकटी भाजून तिचा स्पंजासारखा गठ्ठा करतात आणि द्रव त्यातून नेतात.

## पण मग... नेहमीच्या शंका

अवकाश मुळातच गार आहे, तिथे फ्रीज कशाला? सावलीत गार आहे, पण उष्णता टाकायला तिथे फक्त किरणांची वाट असते आणि जितकं गार व्हावं तितकी ती वाट मंद होते, तोच चौथ्या घाताचा नियम. जेम्स वेब दुर्बीण पाच पापुद्र्यांच्या छत्रीमागे बसून आपोआप ४० केल्विनच्या आसपास जाते, पण तिच्या मिरी या यंत्राला ७ केल्विनच्या खाली जावं लागतं, म्हणून त्याला पल्स ट्यूब आणि जूल-थॉमसन भोक अशी जोडी दिलीय, एप्रिल २०२२ मध्ये ते पहिल्यांदा कामाच्या तापमानाला पोचलं.

त्यापेक्षा द्रव हीलियम भरून पाठवला असता तर? तेही करून झालंय. हर्शेल दुर्बीण मे २००९ मध्ये २००० लिटरहून जास्त हीलियम घेऊन गेली, एप्रिल २०१३ मध्ये तो संपला आणि तिचं काम थांबलं, बाकी दुर्बीण धडधाकट होती. द्रव हीलियम फार नाजूक असतो, १ वॅट उष्णता तासाला जवळजवळ दीड लिटर उडवते, तेवढाच नायट्रोजन उडवायला ६० वॅटहून जास्त लागतील. हीलियम एकदा हवेत गेला की पृथ्वीवरूनही हळूहळू निघून जातो, परत मिळत नाही. एमआरआयवर कूलर आलं ते यासाठीच, आतला हीलियम उडतो तो परत तिथेच द्रव होऊन टपकतो.

एवढी वीज खाऊन आदर्श यंत्राच्या एक-दोन टक्केच कार्यक्षमता? इंजिनिअर करतात काय? छोट्या यंत्राला पृष्ठभाग जास्त आणि पोट लहान, गळतीच गळती. मोठ्यात चित्र वेगळं असतं. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या २७ किलोमीटरच्या यंत्रात सुमारे १२० टन हीलियम लागतो आणि चुंबकं १.९ केल्विनवर ठेवतात, तिथले प्लांट फिरत्या टर्बाइनवर चालतात आणि कार्नोच्या आदर्शाच्या जवळपास ३० टक्क्यांपर्यंत जातात. त्या पातळीला पोचायला दोनशे वर्षांचं काम लागलंय, मला तरी तो आकडा कौतुकाचा वाटतो.

उद्या खोलीच्या तापमानाचा सुपरकंडक्टर सापडला तर हे सगळं जाईल? काही जाईल, म्हणजे एमआरआयचं चुंबक. क्वांटम चिपचं नाही जाणार. तिथे थंडी फक्त विरोध घालवायला नसते. या चिप साधारण ५ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि त्या सिग्नलच्या एका कणाची ऊर्जा म्हणजे पाव केल्विनच्या थोडं खालचं तापमान. आजूबाजू त्याहून गरम असेल तर उष्णतेचा गोंगाटच सिग्नलएवढा मोठा होतो, चिप कशाचीही असो. इन्फ्रारेड दुर्बिणीचं तसंच, स्वतःच चमकणाऱ्या यंत्राने अंधुक तारा कसा बघायचा.

वीज गेली तर? एमआरआयमध्ये लगेच काही होत नाही, आतला द्रव हीलियम वेळ काढून देतो. पण चुंबकाचा एखादा भाग तापून सुपरकंडक्टर राहिला नाही तर सगळा करंट उष्णता होतो, हीलियम भसकन उकळतो, आणि १ लिटर द्रवाचा सातशेहून जास्त लिटर वायू होतो. म्हणून छतातून बाहेर जाणारा जाड पाइप आणि खोलीत ऑक्सिजन मोजणारं यंत्र हे कूलरइतकेच डिझाइनचे भाग आहेत, त्यांच्यावर काटकसर करायची नसते. डायल्यूशन फ्रीजमध्ये चिंता वेगळी. हीलियम-३ ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, क्षयातून मिळतो, फार थोडा, त्यामुळे त्याचा थेंबही घालवता येत नाही. वीज गेली की मिश्रण तापून वायू होतं आणि व्हॉल्वमधून आपोआप एका रिकाम्या टाकीत परत जातं. ती टाकी मुद्दाम इतकी मोठी ठेवतात की सगळं मिश्रण आत आलं तरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमीच राहावा, म्हणजे कुठे बारीक भोक असलंच तर बाहेरची हवा आत शिरेल पण आतला हीलियम-३ बाहेर जाणार नाही. शिरलेली हवा नंतर गोठवून वेगळी काढता येते.